घरच्या घरी कुत्र्याला शिकवायच्या गोष्टी : शेकहँडपासून सतरंजीपर्यंत

रानजाई (पुणे)

कुत्र्यांच्या गप्पांच्या धाग्यावर शिकवण्याबद्दलचे प्रश्न इकडे तिकडे विखुरलेत, म्हणून हा वेगळा धागा काढते आहे. आमच्याकडे एक लॅब (लॅब्रॅडॉर) आणि एक देशी अशा दोघी आहेत. दोघींनाही घरीच शिकवलं.

माझं मत आधीच सांगते. बस, पंजा दे, गोल फिर या गोष्टी पाहुण्यांना दाखवायच्या करामती म्हणून शिकवू नका. जो कुत्रा आनंदाने पंजा देतो, तो पावसाळ्यात पाय पुसू देतो, नखं कापू देतो, बोटांच्या बेचक्यातली गोचीड काढू देतो. जो हनुवटी तळहातावर टेकवून थांबतो, त्याच्या डोळ्यात औषध घालायला चार माणसं लागत नाहीत. शिकवायचं तर त्याचं स्वतःचं जगणं सोपं होईल असं शिकवावं.

सगळ्यात महत्त्वाची आहे शाबासकीची वेळ. समजा, कुत्र्याने बूड टेकलं. तुम्ही डबा उघडलात, तुकडा शोधलात, तोवर तो उठला आणि मग तुकडा तोंडात पडला. त्याच्या लेखी ते बक्षीस उठण्याचं झालं! जे आवडलं ते एका सेकंदाच्या आत कळवावं लागतं. हात तेवढा भरभर चालत नाही, म्हणून एक खुणेचा शब्द ठेवायचा. आमच्याकडे 'येस' आहे. कुणी जिभेने टॉक् करतं, कुणी क्लिकर, म्हणजे दाबल्यावर 'टिक' वाजणारी छोटी डबी, वापरतं. काहीही करून न घेता 'येस' म्हणायचं आणि लगेच तुकडा द्यायचा, असं दहा-पंधरा वेळा केलं की शब्द ऐकताच मान गर्रकन तुमच्याकडे वळते. मग खरं शिकवणं सुरू.

'बस'साठी तुकडा चिमटीत धरून नाकाशी न्या आणि हळूच डोक्यावरून शेपटीच्या दिशेने सरकवा. नाक वर गेलं की बूड आपोआप खाली येतं. टेकलं रे टेकलं की 'येस'. हात फार उंच नेलात तर तो उडी मारणार. पाठीवर दाब देऊन बसवायला जाऊ नका, दाबलं की कुत्रा उलटा जोर लावतो. आणि शब्दाची घाई करू नका. हाताच्या इशाऱ्यावर तो दर वेळी बसायला लागला की मग आधी 'बस' म्हणायचं, क्षणभर थांबायचं आणि मग हात हलवायचा. दोन्ही एकदम केलं तर तो हातच बघतो, शब्द ऐकतच नाही.

पंज्यासाठी मुठीत तुकडा लपवून त्याच्या छातीच्या उंचीवर धरा. तो चाटेल, नाकाने ढोसेल आणि शेवटी वैतागून पंजा मारेल. तेवढाच क्षण पकडायचा. पुढे मुठीऐवजी उघडा तळहात. मग पंजा हातात एक सेकंद, दोन सेकंद. मग दुसऱ्या हातात टॉवेल.

एका वेळी तीन ते पाच मिनिटं पुरे. त्याला अजून हवं असतानाच थांबा.

निशिगंध (ठाणे)

बरं झालं हा धागा काढलात ताई. आमचा चिकू पाच महिन्यांचा लॅब आहे. हातात खाऊ दिसला की पटकन बसतो, रिकामा हात दिसला की आमच्याकडे बघत उभा. आणि खाऊ घेताना बोटं पण चावतो. मुलगी आता त्याला खाऊ द्यायलाच घाबरते.

रानजाई

निशिगंध, खाऊ दाखवून बसवणं फक्त पहिल्या चार-पाच वेळांपुरतं. त्यानंतर हात रिकामा, पण हालचाल हुबेहूब तीच. बसला की 'येस' आणि तुकडा दुसऱ्या हातातून, खिशातून किंवा शेल्फवरच्या वाटीतून. खाऊ दिसत नसला तरी तो येतो, हे त्याला पटलं पाहिजे. हे लवकर केलं नाही तर हातातला खाऊच त्याची आज्ञा होऊन बसतो. सवय पक्की झाल्यावर दर वेळी तुकडा द्यायची गरज नाही, पण शाबासकी कधीही पूर्ण बंद करू नका.

चावण्याचं म्हणाल तर पाच महिने म्हणजे दुधाचे दात पडून नवे येण्याचा काळ, हिरड्या शिवशिवतात. तुकडा मुठीत बंद ठेवा. दात लागले तर मूठ उघडायची नाही. चाटायला लागला किंवा तोंड मागे घेतलं की उघडायची. मुलीला सांगा, तळहात सपाट ठेवून त्यावर तुकडा ठेवायचा, बोटांच्या चिमटीत धरायचा नाही.

गोदातीर (नाशिक)

उत्तम धागा. मी पशुवैद्य आहे, तेव्हा खाण्याबद्दल आणि सांध्यांबद्दल थोडं सांगतो.

तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा हवा, छोट्या जातींना त्याहून लहान. बिनमिठाचं उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं, पनीर, उकडलेला लाल भोपळा किंवा रताळं, कच्चं गाजर यातलं जे पचेल आणि आवडेल ते. दिवसभराच्या आहारातला साधारण दहावा हिस्सा एवढीच खाऊची मर्यादा ठेवा, आणि तेवढं जेवण कमी करा. सगळ्यात सोपं म्हणजे त्याच्या रोजच्या जेवणातलं मूठभर बाजूला काढून तेच वापरायचं. ग्लुकोजची बिस्किटं सगळ्या घरांत दिली जातात, त्यात मैदा आणि साखरच असते, ती बंद करा.

काय देऊ नये हे जास्त महत्त्वाचं. चॉकलेट नको. द्राक्षं, मनुका, बेदाणे अजिबात नकोत, त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. म्हणजे शिऱ्यातले बेदाणेसुद्धा नाहीत. कांदा-लसणाने तांबड्या रक्तपेशी फुटतात, म्हणून रश्श्यातलं चिकन धुऊनही देऊ नका. साखरविरहित च्युइंगममध्ये झायलिटॉल नावाचा गोडवा आणणारा पदार्थ असू शकतो, तो कुत्र्यासाठी जीवघेणा आहे. शिजवलेलं हाड टोकदार फुटतं.

दुसरं म्हणजे फरशी. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर बस-ऊठ करून घेऊ नका. मागचे पाय फाकतात, आणि लॅब, जर्मन शेफर्ड यांच्यात खुब्याच्या सांध्याचा दोष मुळातच पुष्कळ आढळतो. चटई किंवा रबरी मॅट टाका. दोन पायांवर उभं राहणं, उंच उड्या हे प्रकार वाढत्या वयात नकोतच, आणि डॅशहुंडला कधीच नकोत, त्याच्या मणक्याला ते झेपत नाहीत. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उन्हाळ्यात भर दुपारी शिकवायला बसू नका. धाप लागली की थांबा.

मुक्काम_पोस्ट (लातूर)

सगळं वाचलं. पण माझं मत जरा वेगळं आहे. आमच्या शेतावर पिढ्यान् पिढ्या कारवानी कुत्री आहेत. आमचे आजोबा सांगायचे, कुत्र्याला धाक पाहिजे, नाहीतर ते डोक्यावर बसतं. कळपात एक म्होरक्या असतो, तसं घरात मालकाने म्होरक्या व्हायला हवं. टीव्हीवरचे ट्रेनरही हेच सांगतात. खाऊ देऊन शिकवलेलं कुत्रं खाऊ नसेल तेव्हा ऐकेल का?

हिमरेषा (मिनीॲपोलिस)

मुक्काम_पोस्ट, म्होरक्याची ही कल्पना कुठून आली ते सांगते, कारण तिचा एक धागा मी राहते त्या अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याशी जुळलेला आहे.

1947 साली रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचा अभ्यास मांडला. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका कुंपणात असल्यावर त्यांच्यात मारामारी होते, कुणीतरी वरचढ ठरतो. तेच चित्र पुढे सगळ्या लांडग्यांना आणि त्यावरून कुत्र्यांना लावलं गेलं. मिनेसोटातले लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकामुळे 'अल्फा' (म्होरक्या) हा शब्द घरोघरी पोचला. पण त्याच मेक यांनी नंतर कॅनडाच्या उत्तरेला एल्समेअर बेटावर मोकळ्या लांडग्यांमध्ये अनेक उन्हाळे काढले आणि 1999 साली स्पष्ट लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुतेकदा आई, वडील आणि त्यांची पिल्लं. तिथे कुणी लढून म्होरक्या होत नाही, आईबाप असतात म्हणून पोरं मागे चालतात.

खाऊबद्दल म्हणाल, तर तेही इथलंच. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर मिनेसोटा विद्यापीठात शिकवत असताना केलर आणि मेरियन ब्रेलँड हे जोडपं त्यांच्या हाताखाली होतं. त्या दोघांनी 1940 च्या दशकात बक्षीस देऊन शिकवण्याचं प्रयोगशाळेतलं हे शास्त्र बाहेर आणून कोंबड्या, डुकरं, कुत्री सगळ्यांना शिकवलं. पुढे डॉल्फिनना शिकवताना शिट्टीची खूण वापरात आली. पाण्यातल्या डॉल्फिनला काठी दाखवून कोण काय शिकवणार? तो पोहून निघून जाईल. आज आपण 'येस' म्हणतो ती त्याच शिट्टीची नात.

गोदातीर

हिमरेषा यांना अनुमोदन. अमेरिकेतल्या प्राणिवर्तन पशुवैद्यांच्या संघटनेने 2021 मध्ये कुत्र्यांना शिकवण्याबद्दल निवेदन काढलं, त्यात शॉक पट्टा, काटेरी पट्टा, मार या सगळ्यांना स्पष्ट नकार आहे. मी दवाखान्यात रोज बघतो. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो, भीती सोडत नाही. मग तो एक दिवस काहीही सूचना न देता चावतो. गुरगुरणं ही आपल्याला मिळालेली सूचना आहे, ती मारून बंद करू नका.

मुक्काम_पोस्ट

मेक यांचं माहीत नव्हतं, हिमरेषाताई. वाचून विचार करण्यासारखं आहे. मी काही कुत्र्याला बडवणारा माणूस नाही, पण काठी हातात असते हे खरं.

आता माझी अडचण ऐका. आमचा राजा खाऊकडे बघतही नाही. चिकनचा तुकडा नाकापुढे धरला तरी मान फिरवून शिवाराकडे बघत राहतो. आणि बसायचं तर नावच नको. अर्धवट वाकतो आणि उठतो.

रानजाई

राजाचं बरोबर आहे! कारवानी, पश्मी, मुधोळ ही नजरेने शिकार हेरून पळणारी कुत्री. अंगावर चरबी नाही, मांड्या भरलेल्या, हाडं वर आलेली. कडक जमिनीवर बसणं त्यांना खरोखर अवघडतं. पोतं किंवा गोधडी अंथरून बघा, नाहीतर बसणं सोडूनच द्या. त्याला उभ्या उभ्या 'थांब' शिकवा. काम तेच होतं.

आणि खाऊ नको तर पाठलाग द्या. काठी असतेच म्हणता ना हातात, तिच्या टोकाला लांब दोरी बांधा आणि दोरीला जुन्या कापडाचा बोळा. बोळा जमिनीवरून सरपटवायचा. राजा झेपावणार, तेवढ्यात बोळा थांबवायचा, 'थांब' म्हणायचं. तो क्षणभर जरी स्थिर राहिला तरी 'येस' आणि बोळा पुन्हा पळवायचा. पाठलाग हेच त्याचं बक्षीस. हळूहळू क्षणाचे दोन, चार, दहा सेकंद करा. दोन-चार मिनिटांतच थांबा आणि शेवटी बोळा त्याला पकडू द्या, नाहीतर चिडतो. सुरुवात बांधाच्या आत करा, शेळ्या-कोंबड्या नजरेत असताना नको.

समुद्रवेडा (रत्नागिरी)

आमच्याकडची देशी कुत्री बंदरावर सापडलेली आहे, मोठी झाल्यावर आली. घरात मोकळी असते, पण डोक्यावर हात आला की अंग चोरून बाजूला होते. त्यामुळे वर सांगितलेली 'बस'ची पद्धत जमतच नाही. घरचे म्हणतात, गावठी कुत्र्याला हे शिकवायच्या भानगडीत पडू नकोस, त्यांच्या रक्तात नसतं.

रानजाई

रक्तात नसतं हे साफ चूक आहे, आणि त्यावर आपल्याच देशात काम झालंय. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम बंगालमधल्या रस्त्यांवरच्या मोकाट कुत्र्यांपुढे झाकलेली दोन भांडी ठेवली आणि अनोळखी माणसाने बोटाने एकाकडे इशारा केला. 2020 साली ते प्रसिद्ध झालं. जी कुत्री पुढे आली त्यांतल्या साधारण 80 टक्क्यांनी दाखवलेलंच भांडं निवडलं. कुणीही न शिकवता! पण जवळपास निम्मी कुत्री पुढे आलीच नाहीत, ती घाबरलेली, बिचकलेली होती. तुमच्याही कुत्रीला अक्कल भरपूर आहे, अडतंय ते भीतीमुळे.

तेव्हा तिच्या डोक्यावर हात नेऊच नका. दिवसभरात ती आपणहून कितीतरी वेळा बसते. खिशात तुकडे ठेवा आणि ती बसली की 'येस' म्हणून तुकडा तिच्या पुढ्यात जमिनीवर टाका. तुकडा थोडा लांब टाकलात तर ती उठून खाईल आणि परत बसायची संधी तयार होईल. तुमच्याकडे बघून मुद्दाम बसायला लागली की समजा तिला गणित कळलं. शब्द त्यानंतर.

त्याच्या जोडीला हाताला नाक लावणं शिकवा, मला हे सगळ्यांत आवडतं. तळहात तिच्या नाकाच्या खाली, बाजूला, वीतभर अंतरावर धरून स्थिर राहायचं. ती वास घ्यायला येईलच. नाक टेकलं की 'येस'. हात तिच्याकडे न्यायचा नाही, तिने हाताकडे यायचं. जवळ यायचं की नाही हे तिने ठरवायचं, हेच घाबरलेल्या कुत्र्याला हवं असतं. पुढे याच इशाऱ्याने वजनकाट्यावर चढवता येतं, रिक्षात बसवता येतं, बाहेरून हाक मारून बोलावता येतं.

जुनी_वाट (नागपूर)

आमच्या पॉमेरियनला आता बारावं लागलंय, ऐकू जवळजवळ येत नाही. या वयात काही शिकेल का?

हिमरेषा

शिकेल, नक्की शिकेल. म्हातारपणी थोडं डोकं चालवायला मिळालं तर कुत्री टवटवीत राहतात. बहिऱ्या कुत्र्याला फक्त खुणेचा शब्द बदलायचा. 'येस'ऐवजी हाताचा अंगठा वर करा, तोच इशारा नेहमी. लक्ष वेधायला जमिनीवर पाय हलकेच आपटा, कंप त्याला जाणवतो. संध्याकाळी दिव्याचं बटण एकदा बंद-चालू केलं तरी चालतं. झोपलेला असेल तर मागून हात लावू नका, दचकून चावेल. नाकापुढे हात धरून वासाने उठू द्या.

आणि वासाचे खेळ खेळा. इथे हिवाळ्यात बाहेर उणे वीस असतं, तेव्हा आमचा दिवस यावरच निघतो. तीन वाट्या पालथ्या घालून एकीखाली तुकडा ठेवायचा, तो शोधतो. किंवा जुन्या टॉवेलमध्ये खाऊ ठेवून गुंडाळी करायची. कान नसले, दृष्टी मंदावली तरी नाक उरलेलं असतं.

चारचौघी (मुंबई)

आमच्याकडे नऊ माणसं. सासूबाई 'बैस' म्हणतात, दीर 'सिट', मुलं 'सिट डाऊन', सासरे नुसतं 'ए!'. कुत्रा सगळ्यांकडे बघत उभा राहतो. मुलं तर एकाच वेळी दोघं दोन बाजूंनी हुकूम सोडतात.

रानजाई

कुत्र्याला भाषेचं काही पडलेलं नसतं, आवाज तोच असला म्हणजे झालं. चेसर नावाच्या बॉर्डर कॉली जातीच्या कुत्रीने हजाराहून जास्त खेळण्यांची नावं लक्षात ठेवली होती, 2011 मध्ये तो अभ्यास छापून आला. पण एका खेळण्याला एकच नाव होतं. तुम्ही एका कागदावर पाच-सहा शब्द आणि समोर त्याचे हातवारे लिहून फ्रिजवर लावा. शब्द बदलायला ज्येष्ठ तयार नसतील तर त्यांना हाताचा इशारा तरी सारखा करायला सांगा, कुत्रा तोच जास्त बघतो. आणि एकदाच म्हणायचं. पाच वेळा 'बस, बस, बस' केलं की पाचव्यांदा बसायचं असतं असं तो शिकतो.

मुलांनी एका वेळी एकाने, मोठं माणूस शेजारी असताना शिकवायचं. कुत्रा जेवत किंवा झोपलेला असताना नाही. मिठी मारायची नाही. त्याने तोंड फिरवलं, जांभई दिली, ओठ चाटले की खेळ संपला, हे मुलांना आधी शिकवा. मुलं ते आपल्यापेक्षा लवकर ओळखायला लागतात.

निशिगंध

रिकाम्या हाताचं जमलं! आणि मुलीच्या तळहातावरून चिकू आता अगदी अलगद उचलतो. पुढचा प्रश्न. गणपतीत आमच्याकडे दिवसभर माणसं असतात आणि बेल वाजली की हा दारावर झेपावतो. तोवर काही शिकवता येईल का?

रानजाई

येईल, पण बेलपासून सुरुवात करू नका. आधी सतरंजी. छोटी सतरंजी अंथरा, तो कुतूहलाने पाय ठेवेल, 'येस', तुकडा सतरंजीवरच टाका. हातात देऊ नका, चांगल्या गोष्टी सतरंजीवर घडतात हे ठसायला हवं. मग तिथे आडवं होण्याला तुकडा. मग तुम्ही एक पाऊल मागे, परत येऊन तुकडा. मग दोन पावलं. मग दाराला हात लावून परत. हे सगळं शांत घरात पक्कं झालं की 'जागेवर' हा शब्द जोडा.

बेल त्यानंतर. फोनवर तिचा आवाज मुद्रित करून घ्या आणि अगदी हळू वाजवा. आवाज, मग 'जागेवर', मग तुकड्यांची खैरात. दिवसागणिक आवाज वाढवा. पुढे बेल वाजली की तो स्वतःच सतरंजीकडे पळेल. शेवटी ओळखीच्या शेजाऱ्यांना खरी बेल वाजवायला सांगा. कुठे बिघडलं तर ओरडू नका, एक पायरी मागे या.

गोदातीर

एक भर. आरतीची झांज, ढोल, फटाके या वेळी शिकवणं नको, घाबरलेला कुत्रा खाऊही घेत नाही. त्याला आतल्या खोलीत, पंखा लावून, ओळखीच्या माणसासोबत ठेवा. आणि खिरापतीचं, पंचखाद्याचं ताट त्याच्या तोंडाला लागेल असं खाली ठेवू नका, त्यात बेदाणे असू शकतात. 'सोड' हा शब्द त्याआधी पक्का करून घ्या. एका हातात साधा तुकडा मुठीत, दुसऱ्यात जास्त आवडीचा. मुठीचा नाद सोडून तोंड मागे घेतलं की दुसरा द्यायचा. सोडल्यावर अधिक चांगलं मिळतं हे कळलेला कुत्रा रस्त्यावरचं हाडही टाकतो.

निशिगंध

धन्यवाद दोघांनाही. सतरंजी कायम अंथरून ठेवू की सराव झाला की उचलू?

रानजाई

शिकवण्याच्या दिवसांत उचला. नाहीतर तो सतरंजीवर जाऊन बसेल, तुमचं लक्ष नसेल, काहीच मिळणार नाही आणि तिची किंमत कमी होईल. पक्कं झालं की कायमची टाका. दारापासून थोडी लांब, पण त्याला दार दिसेल अशा जागी. आणि खाली रबरी जाळी घाला, सतरंजी टाइल्सवर सरकते.